ताईच्या पायातला साठा

आमच्या आजीला मधुमेह होता, आईला होता, मला आहे. ताईला नाही. घराण्याचा आजार माझ्या वाट्याला आला आणि आईचं नाक नि आईचा हट्ट तिच्या वाट्याला गेला, असं आम्ही थट्टेनं म्हणतो.

ताई माझ्याहून दीड वर्षानं मोठी. ती टपालखात्यात आहे आणि टेकडीचं बीट, म्हणजे तिथलं रोजचं वाटप, तिच्याकडे आहे. टेकडी म्हणजे शहराच्या मागची वस्ती. पायथ्याशी दुकानं, मध्यावर शाळा, वर दाटीवाटीनं घरं आणि अगदी माथ्यावर पाण्याची टाकी. रस्ता असा चढा, की रिकामी मोटारसुद्धा दुसऱ्या वळणावर खोकायला लागते. त्या रस्त्यानं ताई खात्याची जड सायकल घेऊन, पुढे थैली आणि मागे पार्सलांची पेटी लादून, रोज वर जाते. वरचे लोक तिला टपालताई म्हणतात. तिचं खरं नाव तिथं कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

तिची वाटपाची रीत उलटी आहे. चढताना ती एकही पत्र टाकत नाही. आधी न थांबता टाकीपर्यंत जायचं, टाकीच्या कट्ट्यावर पत्रं लावून घ्यायची आणि मग उतरताना घरोघर वाटत यायचं. नवीन आलेले लोक चढतानाच थांबत थांबत वाटतात आणि अर्ध्या वाटेत त्यांना दम लागतो. "चढाला लागलं की चढाचंच व्हावं," असं ताईचं म्हणणं.

"निदान त्या शेवटच्या वळणावर तरी उतरून ढकलत जा," असं मी तिला मागे एकदा म्हणालो होतो.

"ढकलायला ती काय आजारी आहे? आम्ही दोघी एकमेकींना नेतो. तू तुझं जिन्याचं बघ."

गोदामांतल्या मालाचे हिशेब ठेवणारं आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मी लिफ्टनं जातो, हे तिला माझ्या बायकोनं सांगितलेलं होतं.

गेल्या वर्षी टपालखात्यानं टेकडीसाठी मोटार घेतली. साहेबांनी ताईला बोलावून सांगितलं, की आता वय झालं, हवं तर खिडकीवर बसा, तिकिटं विका. जबरदस्ती नाही. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं सायकलवरच काढायची असतील तरी चालेल, मग मोटार दुसऱ्या बीटाला देऊ. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत काय ते सांगा. ताईनं हे घरी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते पुढे, आणि तेही ती आमच्या घरात अडकून पडली म्हणून.

झालं असं. मी साखर तपासायला ज्या रुग्णालयात जातो, तिथं एक डॉक्टरीणबाई स्नायूंवर संशोधन करतात. त्यांना भावंडांच्या जोड्या हव्या होत्या. एकाला मधुमेह, दुसऱ्याला नाही, आणि वयात फार अंतर नाही, अशा. मांडीच्या स्नायूतून दोन-तीन तांदळाच्या दाण्यांएवढा तुकडा काढायचा आणि त्यात चरबी किती आहे, कशी आहे ते पाहायचं. मी माझं नाव दिलं आणि ताईकडे गेलो.

"मांडीचं मांस?" ती म्हणाली. "ती डॉक्टर आहे की कसाई?"

"भूल देतात. दुखत नाही."

"आणि कळणार काय?"

"स्नायूत चरबी किती ते."

"त्याला कापायला कशाला हवं? तुझ्याकडे नुसतं बघितलं तरी दिसते."

ती हसली. मग म्हणाली, "येते."

माहिती भरून घेताना डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, की नियमित व्यायाम करता का. ताई म्हणाली, नाही. बाईंनी तसं लिहून घेतलं. तुकडा काढण्याआधी तीन दिवस श्रम करायचे नाहीत आणि त्या सकाळी उपाशीपोटी यायचं, हेही त्यांनी बजावून सांगितलं. ताईनं मान डोलावली.

ठरलेल्या सकाळी आधी माझा तुकडा काढला. मग ताई आली. तिचा काढून झाला, पट्टी बांधून झाली, आणि ती लगेच खाली उतरून चपला शोधू लागली.

"बसा थोडं," बाई म्हणाल्या. "घाई काय आहे?"

"सायकल फाटकाशी लावलीय. तो रखवालदार मघाशीच कुरकुरत होता."

"तुम्ही सायकलनं आलात?"

"मग काय उडत येऊ?"

"घरातून?"

"टेकडीवरून. टाकीजवळच्या मास्तरीणबाईंचं रजिस्टर पत्र होतं, ते देऊन तशीच इकडे आले. उपाशी आहे हां, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि स्टुलावर बसल्या. "तीन दिवस श्रम नकोत म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"श्रम कुठे केले? रोजचंच काम केलं."

"म्हणजे कालही गेला होतात टेकडीवर?"

"काल काय सुट्टी होती?"

"आणि व्यायाम करत नाही म्हणालात."

"नाहीच करत. वेळ कुठाय?"

ती अगदी खरं बोलत होती. शाळेत कवायतीला दांडी मारणारी ताई आपण व्यायाम करतो असं जन्मात म्हणाली नसती. टेकडी हा व्यायाम असतो, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मला हसू आवरेना आणि हसताना मांडीची पट्टी ओढली जाऊ लागली.

बाईंनी समजावलं, की श्रमात स्नायूतली चरबी खर्च होते, म्हणून आजचा तुकडा माझ्या तुकड्याशेजारी ठेवता येणार नाही. पुन्हा द्यावा लागेल, दुसऱ्या मांडीचा, आणि या वेळी खरोखर बसून राहून. आजचा त्यांनी टाकून मात्र दिला नाही. डबीवर खूण केली आणि गोठवायला पाठवला.

"हिला तीन दिवस बसवणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

बसवलं ते माझ्या बायकोनं. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली आणि भाची लग्न होऊन दूर गेली, त्यामुळे ताई एकटीच राहते. जखम भरल्यावर रजा घेऊन ती आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिनं दोन कपाटं आवरली आणि बादली उचलताना पकडली गेली.

"वन्सं, ठेवा ती खाली."

"अर्धीच आहे गं."

"अर्धी असो की पाव. बसा."

"मी काय कैदेत आहे?"

"कैद्याला संध्याकाळी अंगणात तरी सोडतात. तुम्हाला तेही नाही."

ताई बसली, पण कुठे बसावं हा तिच्यापुढे प्रश्न होता. आमच्याकडे खिडकीजवळ आईची वेताची खुर्ची आहे. घरातली सगळ्यात आरामशीर जागा तीच. आईनं शेवटची वर्षं त्या खुर्चीतच काढली. आधी तिच्या पायाचं बोट गेलं आणि मग पाऊल. रोज संध्याकाळी बीट संपवून ताई यायची, आईचा पाय धुवायची, जखम बांधायची. मी औषधं आणून द्यायचो, पण जखमेकडे बघायचो नाही. बघायची ती ताई. आता ती पलंगाच्या कडेवर बसली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, जमिनीवर भिंतीला टेकून बसली. त्या खुर्चीत काही बसली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला म्हणालो, "अगं, बस की तिथं. पाठ तरी टेकेल."

"नको."

"का?"

"त्यात बसले की उठायची नाही, असं वाटतं." मग तिनं खिडकीवरच्या जागेची गोष्ट सांगितली. "साहेबांनी दाखवली मला ती खुर्ची. तिला चाकं आहेत. एवढाच फरक."

"मग नाही म्हणून सांग. जबरदस्ती नाही ना?"

"मला टेकडी सोडायची नाहीच रे. पण आईला आपला पाय बधिर झालेला कळलासुद्धा नव्हता. खडा टोचला, दोन दिवस तशीच चालली. चढावर माझं तसं झालं तर? मागे पार्सलं, खाली पोरं खेळत असतात." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आजीला झालं, आईला झालं, तुला झालं. माझीच वाट चुकणार आहे का ते? या तुकड्यात काय निघतं ते बघते. वाईट निघालं तर खिडकी घेते."

हा नुसता अभ्यास आहे, त्यातून एका माणसाचं भविष्य कळत नाही, असं बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्याची आठवण दिली. पण ताईचं एकदा ठरलं की ठरलं. चौथ्या दिवशी सकाळी मी तिला टॅक्सीत बसवून रुग्णालयात नेलं. दुसरा तुकडा दिला.

पुढे महिनाभरानं आम्ही दोघं चौकशीला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाई परगावी होत्या. त्यांच्या जागी बसलेले डॉक्टर गडबडीत होते. त्यांनी संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "चरबी दोघांची जवळजवळ सारखीच आहे. बहिणीची जराशी जास्तच म्हणा. सविस्तर बाई आल्यावर सांगतील."

आम्ही फाटकापर्यंत आलो. ताईनं सायकल काढली आणि हँडल धरून चालू लागली. मी म्हणालो, "बसत का नाहीस?" ती म्हणाली, "जाते अशीच." रस्ता सपाट होता. सपाट रस्त्यावर सायकल ढकलत नेताना मी तिला उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना खिडकी घेते म्हणून सांगितलं. एक तारखेपासून टेकडीला मोटार जाणार होती, तोवर ताईनं रजा टाकली.

मी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. "रक्तातली साखर तर ठीक आहे ना तुझी?"

"आज आहे. आईचीही एके काळी ठीकच होती."



चार-पाच दिवसांनी बाईंचा फोन आला. दोघांनी या. ताई म्हणाली, "आता आणखी काय कापायचंय?" मी तिचा निरोप जसाच्या तसा पोचवला. बाई हसल्या. म्हणाल्या, "कापायचं नाही, दाखवायचंय. त्यांना सांगा, पहिल्या तुकड्याबद्दल आहे."

"तो तर फुकट गेला होता ना?" ताईनं विचारलं. मलाही तसंच वाटत होतं. त्या कोड्यापायी ती आली.

बाईंनी खोलीतला दिवा मालवला आणि पडद्यावर तीन चित्रं शेजारी शेजारी लावली. पहिलं माझं. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे गोळे, लहानमोठे, बरेचसे कडेला साचलेले. मध्येमध्ये कुठेतरी लाल ठिपके.

"हिरवी ती चरबी," बाई म्हणाल्या. "स्नायूत ती थेंबांनी साठवलेली असते. लाल आहे ते प्रथिन. थेंबाभोवती प्रथिनांचं आवरण असतं, त्यांच्या कुळाला पेरिलिपिन म्हणतात. त्यातलं हे एक मी लाल रंगवलंय. याचं काम दुहेरी. चरबी नीट कोंडून ठेवायची आणि स्नायूला गरज पडेल तेव्हा तेवढीच सोडायची. हे आवरण तोकडं पडलं तर चरबीपासून तयार होणारे पदार्थ पेशीत मोकाट सुटतात. रक्तातली साखर आत घ्या, असा इन्सुलिनचा निरोप असतो. तो मग आतपर्यंत जात नाही. सगळं उलगडलेलं नाही, पण मधुमेहाचा एक धागा इथं असावा असं दिसतंय."

"म्हणजे पत्र दारापर्यंत येतं," ताई म्हणाली, "पण घरातल्यांना मिळत नाही."

"हो. तसंच काहीसं."

"आणि माझ्याकडेही तेवढीच चरबी आहे."

"आहे. बघा."

दुसरं चित्र ताईचं, तीन दिवस बसवल्यानंतरचं. त्यात गोळा असा नव्हताच. बारीक बारीक हिरवे कण होते, रांगांनी लावलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाला लाल कडं. बाईंनी बोट फिरवून दाखवलं, की चरबी जाळून शक्ती तयार करणाऱ्या ज्या भट्ट्या पेशीत असतात, त्यांना हे कण अगदी खेटून बसले आहेत.

"तोलली तर दोघांची सारखी भरेल. पण ठेवण बघा."

मग तिसरं चित्र. पहिल्या तुकड्याचं, टेकडीवरून सायकलनं आलेल्या त्या सकाळचं. त्यात हिरवे कण निम्म्यानं विरळ झाले होते आणि उरलेले आणखी बारीक झाले होते. लाल ठिपके मात्र भट्ट्यांच्या आजूबाजूला तसेच होते.

जन्मभर मालाच्या हिशेबात बसलेल्या माणसाला हे चित्र कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "म्हणजे माल दोघांकडे सारखा. पण माझा गोदामात पडून आहे आणि हिचा सकाळी बाहेर पडतो, विश्रांती मिळाली की पुन्हा भरतो."

"बरोबर. म्हणून चरबी किती, एवढंच विचारून भागत नाही. आणि हे मला इतकं स्वच्छ दिसलं ते तुमच्या बहिणीनं माझी सूचना मोडली म्हणून. आता श्रमाआधीचा आणि श्रमानंतरचा असे दोन तुकडे बाकीच्यांकडूनही घेता येतील का, याची परवानगी मी मागणार आहे."

"त्यांनी शिव्या दिल्या तर माझं नाव सांगू नका," ताई म्हणाली. मग तिनं हळूच विचारलं, "आईचंही आत असंच साचलं असेल? याच्यासारखं?"

"ते आपल्याला कळायचा मार्ग नाही," बाई म्हणाल्या. "आणि हे प्रमाणपत्रही नाही, ताई. घरात आजार आहे, तुम्ही तपासण्या करत राहायच्या. पण असा स्नायू मी लांब पल्ल्याच्या धावपटूंचा पाहिलाय. याला खुर्चीत बसवा, असं मी तरी कुणाला सांगणार नाही."

"धावपटू कसले? मी टपाल वाटते."

"तेच म्हणतेय मी."

ताई पडद्याजवळ गेली आणि मधल्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. आपल्याच घरात एक बंद खोली असावी आणि ती कुणीतरी उघडून दाखवावी, आणि आत सगळं झाडूनपुसून जागच्या जागी लावलेलं निघावं, तसा तिचा चेहरा झाला होता. तीस वर्षं तिनं जो चढ चढला, तो तिथं रांगेनं मांडून ठेवला होता. माझ्या बहिणीचा मला अभिमान नव्हता असं नाही. पण तो मी मनातल्या मनात ठेवत होतो. त्या खोलीत मला वाटलं, की बाहेरच्या रांगेत बसलेल्या सगळ्यांना आत बोलावून हे दाखवावं.

"तू काय बघतोस टकामका?" ती म्हणाली. "इतकी वर्षं लोकांची गोदामं मोजलीस. स्वतःचं बघितलं नाहीस कधी."

तिथून ती थेट टपालघरात गेली. मी बरोबर होतो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "टपालताई, गेल्या आठवड्यात खिडकी म्हणालात. आज टेकडी. उद्या काय म्हणाल?"

"उद्या टेकडीच. परवाही टेकडीच. महिना अजून संपला नाहीये."

"मोटारवाल्याला कळवून झालंय हो."

"मग पुन्हा कळवा. तो खूशच होईल, त्याला तो चढ कुठे हवा होता?"

साहेब हसले आणि त्यांनी फोन उचलला. सायकल मागच्या पडवीत नेऊन टाकली होती. चाकांत हवा नव्हती. ताईनं पंप शोधला आणि स्वतःच हवा भरायला लागली. मी पुढे झालो तर म्हणाली, "राहू दे. तुझे टाके उसवतील." माझे टाके निघून महिना झाला होता.

बाईंनी मलाही सांगितलं होतं, की साठ्याची ठेवण या वयातही बदलू शकते, चालायला लागा, औषधं मात्र सोडू नका. म्हणून पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून एक दिवस रजा घेतली आणि ताईबरोबर टेकडीला गेलो. ती सायकलवर, मी पायी. पहिल्या वळणापर्यंत तिची पाठ दिसत होती, मग ती दिसेनाशी झाली. मी शाळेपाशी थांबलो, दवाखान्यापाशी थांबलो, पुढे तर ज्याच्या त्याच्या पायरीवर थांबलो. टाकीशी पोचलो तेव्हा ताईनं सगळी पत्रं लावून घेतली होती. कट्ट्याशी मास्तरीणबाई काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आपण कोण?"

माझा हुद्दा चांगला लांब आहे. कुणी विचारलं तर मी तो आधी सांगतो, नाव मागून. त्या दिवशी तो आठवलाच नाही.

"टपालताईचा," मी म्हणालो, आणि श्वास पुरेना.

"टपालताईचा कोण?"

"भाऊ."

"आधी धाप आवर," ताई म्हणाली. "ओळखी नंतर सांग."

मास्तरीणबाईंनी मला पाणी दिलं. मग आम्ही उतरायला लागलो. आता वाटप होतं. दुसऱ्या घरानंतर ताईनं थैलीतून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे खात्याच्या नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"मी उभी आहे ना इथं. ते पुढचं घर, हिरवं दार. पाच पायऱ्या आहेत, एकेक चढ. आणि दाराच्या फटीत टाकू नकोस. त्यांच्या हातात दे."